कांदे झाले की येते

प्रिय नीतू,

फोन असताना ही बाई कागद कायले नासवून राहिली, असं तुझ्या मनात आलंच असेल. सांगते. फोनवर आपण दोघी फार चांगल्या वागतो. तू विचारतेस, कशी आहेस. मी म्हणते, मस्त. मी विचारते, बर्फ किती. तू खिडकीकडे कॅमेरा फिरवतेस, आई बर्फ बघून "अव माय" म्हणते आणि रविवार संपतो. एवढ्या चांगुलपणात खरं बोलायला जागाच उरत नाही. शिवाय मी मध्येच गप्प झाले की 'नेटवर्क गेलं वाटतं' म्हणून तू फोन कापतेस. कागदावर कितीही वेळ गप्प बसलं तरी कोणी कापत नाही. आमगावच्या ओमेशची आई, सुलोचनाबाई, लेकाला भेटायला तुमच्या एडमंटनला निघाल्या आहेत. त्यांच्या बॅगेत पापड, कुरडया आणि लोणच्याच्या बरण्यांखाली हे पत्र आहे. पाकिटाला हिंगाचा वास आला तर तो त्यांचा, माझा नाही.

तू दर रविवारी कांद्यांची चौकशी करतेस आणि मी दर रविवारी 'छान आहेत' म्हणते. छानच आहेत. गुडघ्याला लागतील एवढी पात आहे, हिरवीगार, ताठ. फोटो पाठवते तो वरून काढलेला असतो, हे तुझ्या लक्षात आलं नसावं. जमिनीलगतचा फोटो मी अजून पाठवलेला नाही. तो का पाठवला नाही, ते सांगायलाच बसले आहे. पण मला ओळखतेस, मी सरळ रस्त्याने कधी बाजारालाही गेले नाही.

गेल्या भाद्रपदातला तुझा तो फोन आठव. तुझ्या घरामागच्या अंगणात तू बसली होतीस, हातात मुठीएवढा पिवळा कांदा. तो तू सफरचंदासारखा दातांनी तोडलास आणि म्हणालीस, "आई, बघ, गोड आहे, बिलकुल तिखट नाही, डोळ्यांत पाणीसुद्धा येत नाही." आईने स्क्रीन नाकाजवळ नेली आणि निकाल दिला, "पानी नाई येत त तो कांदा कायचा व?" तू हसलीस. मी मात्र बघत होते. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, नीतू. गोड कांद्याने येत नाही, असं तूच आत्ता म्हणाली होतीस.

मग तू म्हणालीस, डॉक्टरने आईचा कच्चा कांदा बंद केलाय ना, हा तिला चालेल, मी बी पाठवते, तू घरामागच्या बाडीत लाव. आणि कांदे झाले की मी येते. विहिरीजवळच्या फरशीवर बसून आपण तिघी रात्रभर पाण्यात ठेवलेला बासी भात आणि कांदा खाऊ. असं तू सहज म्हणालीस, लोक 'या एकदा घरी' म्हणतात तसं. पण आपल्या घरात सहज बोललेलं कोणी सहज घेत नाही. आईने लगेच वाफा कुठे करायचा ते ठरवलं. मी लगेच कॅलेंडर बघितलं. तू बहुधा लगेच भांडी घासायला गेली असशील.

बी ओमेशने आणलं, बहिणीच्या साखरपुड्याला आला तेव्हा, बुटातल्या मोज्यात घालून. ते नियमात बसतं की नाही, मी विचारलं नाही. मी वर्तमानपत्रात लोकांच्या खोड्या काढते, माझ्या घरच्या नाही. पुडीवर कांद्याचं चित्र असं होतं की आपल्याकडे एवढ्या तेजाने फक्त निवडणुकीच्या फलकावरचे चेहरे चमकतात. आतलं बी काळं, बारीक, कोनेदार. आईने तळहातावर घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "येवढ्या दुरून आलं, अन् बोलून नाई राहिलं काही." कांद्याचं बी वर्षभरात मरतं म्हणतात. टिकवून ठेवता येत नाही, यंदा नाही तर कधीच नाही. आईला हे पटलं. टिकवून ठेवण्यावर तिचा तसाही विश्वास राहिलेला नाही, बाबा गेल्यापासून.

आता इथून पुढचा भाग तुझ्या भाच्यांना, म्हणजे माझ्या वर्गातल्या पोरांना, मी विनोद म्हणून सांगते. (हो, अजून शिकवते. गोंदियात मराठी शिकवते. पोरं हिंदीत विचार करतात, मराठीत लिहितात आणि पास होतात. नापास होते ती मी.) रोप तर छान उगवलं. दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा ते वीतभर झालं होतं. लावणीच्या दिवशी मला कॉलेजात परीक्षेची ड्यूटी होती. मी आईला सांगून गेले, संध्याकाळी आले की लावू. पण घरात रोप तयार आहे आणि ते रोवलेलं नाही, ही गोष्ट आपल्या भागातल्या बाईला सहन होते का? आईने पलीकडच्या वच्छलाला हाक मारली. वच्छला तुला आठवत असेल, आपल्या बाबांच्या शेतात रोवणीला यायची ती, आता फुलचूरलाच आपल्या मागे घर बांधलंय. ती आली, सोबत आणखी दोघींना घेऊन आली. आणि तिघींनी मिळून, आईच्या देखरेखीखाली, तुझ्या परदेशी कांद्यांची रोवणी केली. धानाची करतात तशी. शब्दशः.

मी आले तर बाडीत धानाची बांधी तयार! वाफ्याला चारी बाजूंनी मातीचा धुरा, आत चिखलणी केलेली, चिखलावर बोटभर पाणी, आणि त्यात तुझा कांदा तीन-तीन चार-चार रोपांच्या चुडात, सरळ रांगेत, मागे सरकत सरकत रोवलेला. फक्त बगळा यायचा बाकी होता. वच्छला पाय धूत होती, भलतीच खूश. मी ओरडले, "अगं, हा कांदा आहे, धान नाही! एकेक लावायचा असतो, चिखल कशाला केला?" तर ती म्हणाली, "एकटं एक रोप कसं जगन व ताई? त्याले सोबत लागते." मी वर्तमानपत्रात दर आठवड्याला भल्याभल्यांची तोंडं बंद करते. इथे मी चपला काढून चिखलात उतरले. आई तर म्हणाली, "पेपरवालीले कांदा शिकवाले येते, लावाले नाई येत." आईची पोवारी बोली कागदावर मला नीट उतरवता येत नाही, लिहिली की पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यासारखी दिसते. म्हणून ती वच्छलाशी ज्या मराठीत बोलते, ती लिहितेय. तू वाचताना मनात तिचीच पोवारी ऐक.

मग दुसऱ्या दिवशी पाणी काढलं, धुरा फोडला, माती वाफशाला आली तशी मी सगळी रोपं उपटून पुन्हा चार-चार बोटांवर एकेकटी लावली. मध्ये एक ओळ वच्छलाने तिच्या घरच्या साध्या लाल कांद्याची घुसडली, "तुमच्यावाल्यायले जरा आपली बोली शिकवन" म्हणून. माझ्या कमरेचं जे झालं ते जाऊ दे. आई बाजेवर बसून बघत होती. मी शेवटचं रोप लावून उठले तेव्हा एवढंच म्हणाली, "केले एकटे-एकटे? आता पाय काय होते ते."

पौष गेला, माघ गेला. लाल कांद्याने माघातच मातीतून खांदे बाहेर काढले. तुझा कांदा नुसता वर वाढत होता. पात अशी की येणारा-जाणारा थांबून विचारायचा. खाली बोटाएवढी मान, आणि काही नाही. वच्छला रोज कुंपणावरून हजेरी घ्यायची, "काय व ताई, तुमचे कांदे केसच वाढवून राहिले, अंग काऊन नाई धरत?" सुरुवातीला मी तिच्या चिखलाला दोष दिला. तिने बियाला दिला. आईने नजरेला दिला, आणि एका शनिवारी मिरच्या-मीठ घेऊन चक्क वाफ्याची नजर काढली. माझ्यासारख्या विवेकवादी स्तंभलेखिकेच्या घरात कांद्याची दृष्ट निघाली. ही बातमी बाहेर गेली तर माझे वाचक, म्हणजे ते दोघे, दुसरा पेपर लावतील. मग राख घालून झाली. मग कोणीतरी सांगितलं की माना मोडल्या की कांदा पोसतो, म्हणून वच्छला अनवाणी पायांनी वाफ्यातून चालली. पात आडवी झाली. तीन-चार दिवसांत पुन्हा ताठ उभी राहिली, जणू काही झालंच नाही. तेव्हा मला ते कांदे पहिल्यांदा आवडले. आपल्याच घरातले वाटले.

दरम्यान मोहल्ल्यात एक नवीन म्हण तयार झाली म्हण ना. नातेवाईक विचारायचे, नीतू कधी येते? आई म्हणायची, कांदे झाले की. वच्छलाने ते ऐकलं आणि मग काय. तिच्या सुनेला कोणी विचारलं नळाला पाणी कधी येणार, तर ती म्हणते, नीतूचे कांदे झाले की. रेल्वे फाटकावरचा पूल कधी होणार? नीतूचे कांदे झाले की. मी त्यावर लेख लिहायला घेतला होता. चांगला जमत होता. अर्ध्यात सोडून दिला.

फाल्गुनात लाल कांद्याच्या माना पडल्या, काढले, वच्छलाने टोपलं भरून नेले. चैत्र लागला तेव्हा मी ईश्वरदासच्या दुकानात गेले. कॉलेजात माझा विद्यार्थी होता तो. आता गोंदियात बियाण्यांचं दुकान टाकून बसलाय आणि बोलणं असं की गिऱ्हाईक खत घ्यायला येतं आणि प्रवचन घेऊन जातं. त्याच्या 'दुप्पट उत्पन्न' वाल्या फलकावर मी एकदा लिहिलं होतं, तो लेख त्याने काचेखाली लावून ठेवलाय, प्रसिद्धी म्हणून. मी त्याला जमिनीलगतचा फोटो दाखवला. तो एवढा हसला की चहावाला डोकावून गेला. "मैडम, ये कांदा यहाँ नहीं बैठेगा. सात जनम नहीं बैठेगा." मी म्हटलं, का, माती खराब? पाणी? चिखल? "मिट्टी एक नंबर है. पानी भी ठीक. ये ठंडे मुलुक का बीज है, इसको चौदा-पंधरा घंटे का दिन लगता है. जब तक उतना बडा दिन नहीं देखता, नीचे गाठ नहीं बांधता. बस पत्ती निकालते रहता है, दिन की राह देखते रहता है." मी विचारलं, मग आपल्याकडे जूनमध्ये? त्याने मोबाइलवर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज जरा खाली आला. "जून में भी घंटाभर कम पडेगा, मैडम. इसमें कांदे की गलती नहीं है. अपना दिन ही छोटा है."

मी दुकानाबाहेर आले आणि स्कूटीवर नुसतीच बसून राहिले. चैत्रातली दुपार, डांबर वितळत होतं, आणि मला सांगण्यात आलं होतं की दिवस छोटा आहे. ईश्वरदास मागून आला, म्हणाला, आपल्याकडे होणारा दुसरा गोड कांदा आहे, छोट्या दिवसांवर पोसतो, पुढच्या कार्तिकात तो लावा, बी मी देतो. मी नको म्हटलं. त्याला वाटलं, मला राग आला. गोड कांदा हवा होता कोणाला!

लहानपणी आई कांदा बुक्कीने फोडायची, आठवतं? बासीच्या ताटात मधला गाभा तुला, कारण तो गोड असतो असा तिचा दावा होता आणि तुला तिखट सोसायचं नाही. बाहेरचे पापुद्रे मला. मी रडायचे, आणि आई म्हणायची कांद्याने रडते. बरं निमित्त होतं ते. पुढे सगळं त्याच वाटणीने झालं, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तू गेलीस कारण तुला जायचं होतं, मी राहिले कारण... माझं लग्न ज्या कारणांनी राहिलं त्याच कारणांनी मी राहिले, म्हणजे कोणालाच नीट माहीत नाही. बाबांच्या वेळी आलीस, तेराव्यानंतर चार दिवस राहिलीस, जाताना विहिरीजवळच्या फरशीवर बसून म्हणालीस, लवकर येते. मग ते जगभरचं आजारपण आलं, मग मुलाची शाळा, मग तुमचे कागद, मग नवं घर. प्रत्येक कारण खरं होतं. तेच वाईट आहे. तू एखादं तरी खोटं दिलं असतंस तर मी पकडलं असतं, माझा धंदाच आहे तो. आपण भांडलो असतो तरी बरं झालं असतं. समेटाला म्हणून तरी आली असतीस. इंदरलालच्या पोरी भांडत नाहीत, असं बाबा स्वतःचंच नाव घेऊन अभिमानाने सांगायचे. चूक केली त्यांनी.

ईश्वरदासचं बोलणं मी घरी कोणाला सांगितलं नाही. आईला म्हटलं, यंदा थंडी लांबली, म्हणून उशीर होतोय. तुला म्हटलं, छान आहेत. वाटलं, आईला कसं सांगायचं की हे कांदे होणार नाहीत? तिने तर त्यांच्यावर तुझं येणं टांगून ठेवलंय. रोज पहाटे ती गुडघे धरत उठते, बादलीने वाफ्याला पाणी घालते. मग मी चहा घेऊन जाते, वाफ्याशी उभी राहते, तिच्याकडे बघते आणि मनात म्हणते, हिला कळू नये. इतके दिवस मी तुला जे जे लिहायचं ठरवत होते त्या सगळ्याची सुरुवात 'आई तुझी वाट बघते' अशी होती. भारी वाक्य. कोणाचंही काळीज हलेल. मी दुसऱ्यांच्या लिखाणातली अशी वाक्यं नेहमी टोचून काढते.

परवा सकाळी राहवलं नाही. ऊन अजून वर आलं नव्हतं, ती पाणी घालत होती, आणि पातीची टोकं उन्हाळ्याने पिवळी पडायला लागली होती. मी म्हटलं, "आई, ऐक. हे कांदे होणार नाहीत. कधीच नाही. मोठा दिवस लागतो त्यांना, आपल्याकडे नसतो." तिने बादली खाली ठेवली नाही. उरलेलं पाणी शेवटच्या ओळीला घातलं, मग म्हणाली, "मले माईत हाय. माघातच समजलं. एक उपटून पायला होता मी."

मी थक्क. म्हटलं, "मग एवढं पाणी काऊन घालतेस रोज? गुडघ्यांची काय अवस्था झाली आहे तुझ्या?"

तर म्हणाली, "तू रोज सकाळी चहा घिऊन येतेस न येथी. वाफा सुकला असता त तू कुठं उभी राहिली असती?"

ती पदराने हात पुसत बाजेवर बसली आणि एवढ्या साध्या आवाजात बोलली, जशी काही भाजीला मीठ किती ते सांगते आहे, "मले नीतूची आठवन आली त मी रडतो अन् मोकळी होतो. वच्छलाले सांगतो, तेबी रडते. तुयं तसं नाई. तू पेपरात लिवतेस." मग कप पुढे केला, "थंडा झाला, दुसरा आन."

मी आत गेले. चहा टाकला, तो उतू गेला, पुन्हा टाकला. बाहेर वच्छला आली होती आणि दोघी काहीतरी बोलून हसत होत्या. माझ्याबद्दलच असावं. मी ओट्याशी उभी राहून हिशेब लावत होते की मागच्या कार्तिकापासून आईच्या नावावर मी काय काय खपवलं आहे. आई विचारते, नीतू कधी येते. तिने विचारलंच नव्हतं. लोक विचारायचे, ती उत्तर द्यायची. आईला झोप येत नाही. आई गाढ झोपते, घोरतेसुद्धा. आई तुझ्या खोलीतली गादी उन्हात टाकते. गादी मी टाकते, नीतू. दर महिन्याला. कॅलेंडरही मीच बघितलं होतं.

म्हणून फोन नाही, पत्र. यातलं एक वाक्यही मी आईच्या नावावर टाकणार नाही आता. आई बरी आहे, आई तुझी आठवण काढून रडते आणि मोकळी होते. तिच्यासाठी येऊ नकोस. कांद्यांसाठी तर येऊच नकोस, कांदे होणार नाहीत. ते तुमच्या दिवसाची वाट बघताहेत; आमचा सर्वांत मोठा दिवसही त्यांना तासभर कमी पडतो. तुलाही इथला दिवस कमी पडला असेल कधी, म्हणून तू गेलीस, त्यात चूक कोणाची नाही, ईश्वरदास म्हणतो तसं. पण त्या छोट्या दिवसात मी आहे आणि मला तू हवी आहेस. बघ, किती सोपं वाक्य आहे, आणि ते लिहायला मला एवढा वाफा लागला. पात आहे तोवर आलीस तर ती चिरून घालू बासीवर. वळवाच्या पावसात सडून गेली असेल तर वच्छलाचा लाल कांदा आहे, तिखट आहे, दोघींच्या डोळ्यांत पाणी येईल आणि कोणाला काही विचारावं लागणार नाही. यंदा तो मी फोडीन, बुक्कीने. पातीला गाभा नसतो, लाल कांद्याला असतो. तो अर्धा-अर्धा करू. काही झालं नसलं तरी ये.

तुझीच, टोकं पिवळी पडलेली पण अजून ताठ,
योगेश्वरीताई

फुलचूर, गोंदिया